पॉम्पेईची एका दिवसाची सहल: गाईड कसा निवडायचा, काय पाहायचं आणि गाडी कुठे चुकते

रोम किंवा नेपल्सला गेलेला बहुतेक प्रवासी एक दिवस पॉम्पेईसाठी काढतो. त्या दिवसाचं सोनं होणार की नुसती दगदग, हे बहुतेक वेळा सहल आरक्षित करतानाच ठरून गेलेलं असतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलेलं हे शहर सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग उकरून झालेला आहे. दोन तासांत यातलं फारसं काही हाती लागत नाही. म्हणून सहलीचं पत्रक हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: भिंतींच्या आत आपल्याला नक्की किती तास मिळणार? चार तासांपेक्षा कमी असतील तर ती सहल सोडून द्या. मग जेवणात कितीही चांगला पिझ्झा असो.

कोणती सहल घ्यावी

रोमहून निघणाऱ्या बसच्या सहली सकाळी सातच्या सुमारास सुटतात. अंतर साधारण २४० किलोमीटर आहे, वाटेत एक थांबा असतो, त्यामुळे एका बाजूला तीन तास सहज जातात. ‘पॉम्पेई आणि अमाल्फी’ किंवा ‘पॉम्पेई आणि व्हेसुव्हियस’ असा जोड असेल तर अवशेषांच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास उरतात. एवढ्या वेळात फोरम (शहराचा मुख्य चौक), एखादं स्नानगृह, एखादं घर आणि वेश्यागृहासमोरची रांग एवढंच पाहून होतं. ज्यांना चालणं जमत नाही किंवा गाड्या बदलण्याचा धसका वाटतो, त्यांच्यासाठी बस ठीक आहे. पण मग फक्त पॉम्पेईची सहल घ्या, जोडसहल नको.

बाकी सगळ्यांनी प्रवास स्वतः करावा आणि गाईड पॉम्पेईच्या दारात घ्यावा. रोमच्या मुख्य स्टेशनाहून, रोमा तेर्मिनीहून, नेपल्सला अतिजलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिथून लोकलसारखी गाडी पाऊण तासाच्या आत पॉम्पेईला पोचवते. सकाळी सातच्या सुमाराची गाडी धरली तर साडेनऊपर्यंत तुम्ही प्रवेशद्वारापाशी असता, आणि बसवाल्यांपेक्षा दुप्पट वेळ आत मिळतो.

नेपल्सलाच मुक्काम असेल तर उत्तमच. सहल करायची तर तिथूनच करावी, असं आम्ही ठामपणे सांगू.

तिकीट

१५ नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त २०,००० लोकांना प्रवेश मिळतो आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. त्यामुळे तिकीट काढताना पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. गाईडने किंवा सहल कंपनीने तिकीट काढायचं असेल तर त्यांना आपली नावं आधी कळवावी लागतात. ती शेवटच्या क्षणापर्यंत न मागणाऱ्या कंपनीकडे जरा संशयाने पाहा.

तिकिटं मुख्यतः दोन प्रकारची. एक फक्त शहराचं. दुसरं शहराबरोबर ‘व्हिला ऑफ मिस्ट्रीज’ आणि आसपासच्या इतर व्हिला (तटाबाहेरची प्रशस्त घरं) दाखवणारं. ही नवी पद्धत सुरू झाली तेव्हा त्यांचे दर अनुक्रमे १८ आणि २२ युरो होते. दर अधूनमधून बदलतात, म्हणून पॉम्पेई पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. चार-पाच युरोंसाठी व्हिला सोडू नका. तिथल्या लाल भिंतींवरची माणसाएवढी चित्रं हा रोमन चित्रकलेच्या सगळ्यात चांगल्या टिकलेल्या नमुन्यांपैकी एक आहे. अठरा वर्षांखालच्यांना, मग ते कुठल्याही देशाचे असोत, प्रवेश मोफत आहे. पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट घ्यावंच लागतं. घरातल्या दोघांची तिकिटं काढली आणि मुलांची राहिली, असं झालं तर उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी दारातच अडकायला होतं.

‘रांग टाळा’ असं म्हणत विकल्या जाणाऱ्या महागड्या तिकिटांत बहुतेक वेळा तेच नेहमीचं तिकीट असतं, वर दलालाची रक्कम. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नका. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला स्थळ बंद असतं. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आणि हिवाळ्यात नऊ ते पाच अशी वेळ असते. शेवटचा प्रवेश त्याआधी दीड तास बंद होतो, आणि आतली घरं शहराच्या दारांपेक्षा लवकर बंद करायला घेतात.

गाईड

इटलीत गाईडला सरकारी परवाना लागतो. बसबरोबर येणारी व्यक्ती सहसा ‘सोबती’ असते, गाईड नव्हे. अवशेषांच्या आत बोलण्यासाठी परवानाधारक गाईड वेगळा येतो. आरक्षण करताना हे स्पष्ट विचारा: आत कोण समजावणार, कुठल्या भाषेत, गटात किती जण? पंधरापर्यंतचा गट चांगला. त्यापुढे कानाला रेडिओ लावूनही तुम्ही मागच्या फळीत राहता आणि गाईड भिंतीवरच्या ज्या खुणेबद्दल बोलतोय ती दिसतच नाही.

गाडीतून उतरल्यावर स्टेशनच्या बाहेरच गळ्यात ओळखपत्र घातलेले लोक ‘माहिती केंद्र इकडे’ म्हणून हाक मारतात. त्यातले काही चांगले असतात, पण पुष्कळ जण फक्त गट जमवतात. तो जमेपर्यंत तुम्हाला पाऊण तास वाट पाहावी लागते. सांगितलेल्या दरात तिकीट धरलंय की नाही, हेही गुलदस्त्यात राहतं. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: दरात तिकीट आहे का, निघणार किती वाजता, आणि किती तास.

दोन ते अडीच तासांचा गाईड पुरतो. त्याहून लांबलं की उन्हात कुणाचंच लक्ष राहत नाही. आपली आवड आधीच सांगितली तर चांगला गाईड वाट बदलतो. बांधकाम, पाणीपुरवठा, स्वयंपाक, चित्रं, काहीही सांगा.

गाईड अद्ययावत आहे का, हे ओळखायला तीन कसोट्या आहेत. पहिली, उद्रेकाची तारीख. जुन्या पुस्तकांत २४ ऑगस्ट आहे. पण २०१८ साली एका घरात कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली. तिच्यामुळे उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, हा कयास बळकट झाला. दुसरी, ‘हाउस ऑफ द फॉन’मधलं अलेक्झांडरचं मोझेक. तिथे दिसते ती प्रतिकृती आहे, मूळ नेपल्सच्या संग्रहालयाकडे आहे. तिसरी, गाडल्या गेलेल्या माणसांचे प्लास्टरचे साचे. ‘ही आई, हे तिचं बाळ’ अशा कथा वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ‘हाउस ऑफ द गोल्डन ब्रेसलेट’मधली ती ‘आई’ पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. गाईड या गोष्टी आपणहून सांगत असेल, तर तुम्ही योग्य हातात आहात.

नेपल्सहून गाडी

नेपल्सच्या मुख्य स्टेशनात उतरल्यावर खाली ‘गारिबाल्दी’च्या दिशेने ‘चिर्कुमवेसुव्हियाना’चे, म्हणजे त्या लोकलसारख्या गाडीचे, फलक बघत चला. तिकीट खिडकीवर जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही एकदमच घेऊन ठेवा. गाडी सोरेंतोला जाणारीच हवी. त्याच फलाटांवरून पोज्जोमारिनो आणि सार्नोच्याही गाड्या सुटतात.

उतरायचं स्टेशन: पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी. ‘स्काव्ही’ म्हणजे उत्खनन. ‘पॉम्पेई सांतुआरियो’ नावाचं स्टेशन दुसऱ्या मार्गावर आहे आणि साधं ‘पॉम्पेई’ हे राष्ट्रीय रेल्वेचं आहे. दोन्ही आजच्या पॉम्पेई गावातली. तिथे उतरलात तरी जग बुडत नाही, अँफिथिएटरच्या (झुंजींच्या गोल, खुल्या प्रेक्षागृहाच्या) दाराशी चालत जाता येतं. पण गाईड पोर्ता मरीनाला, म्हणजे स्काव्ही स्टेशनाजवळच्या प्रवेशद्वाराशी, उभा असेल तर तुमचा अर्धा-पाऊण तास गेलाच.

गाडी खचाखच भरते आणि खिसेकापूंसाठी बदनाम आहे. पाठीवरची पिशवी पुढे घ्या, मोबाइल मागच्या खिशात नको. बसायला जागा हवी असेल तर गारिबाल्दीच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाला जाऊन चढा. गाडी तिथूनच सुटते आणि मुख्य स्टेशनपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी संपाची बातमी आहे का तेही बघा. इटलीत संप आधी जाहीर होतात, त्यामुळे दिवस बदलायला वाव मिळतो.

पाठीवर आणि पायात काय

३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. प्रवेशद्वाराशी सामान ठेवायची सोय आहे, पण संध्याकाळी दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं ठरवलंत तर पिशवीसाठी परत उलटं यावं लागेल. म्हणून लहान पिशवीच बरी.

रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडी फरसांचे आहेत. फरशा उंचसखल, मधल्या फटी पाऊल मुरगळेल इतक्या, आणि पाऊस पडला की निसरड्या. जाड तळव्याचे, पकड असलेले बूट घाला. कोल्हापुरी किंवा गुळगुळीत तळव्याच्या चपलांनी इथे पाय घसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि सावली जवळजवळ नाही. टोपी, ओढणी किंवा पंचा, आणि एक लिटरची बाटली प्रत्येकी घ्या. आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरत राहा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे सगळ्यात सुखाचे महिने.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दाराने आत या. तिथून तीन किलोमीटरहून लांब असा सपाट मार्ग खास तयार केलेला आहे. पोर्ता मरीनाचा चढ त्यांच्यासाठी नाही.

आत: पहिले अडीच तास गाईडबरोबर

बहुतेक गट पोर्ता मरीनाने आत जातात. चढ चढून वर आलं की बॅसिलिका (न्यायदानाची आणि व्यवहारांची मोठी इमारत) आणि मग फोरम. इथे उभं राहून उत्तरेकडे बघा, ज्युपिटरच्या देवळाच्या मागे व्हेसुव्हियस दिसतो. दिवसभर वाट चुकलात की हा डोंगर शोधायचा, ती उत्तर. फोरमच्या कडेला दगडी मापांचा ओटा आहे. बाजारातली धान्याची मापं खरी आहेत का, हे ताडून बघायला त्यात वेगवेगळ्या आकाराचे खळगे कोरलेले आहेत.

शहराचे नऊ भाग, प्रत्येक भागात चौक आणि प्रत्येक दाराला क्रमांक ही पद्धत जुझेप्पे फियोरेल्ली यांची. दारांवरच्या पाट्यांवर ती दिसते. १८६३ साली त्यांनीच राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसांचे साचे काढायला सुरुवात केली.

गाईडला सांगून सकाळीच ‘हाउस ऑफ द वेत्ती’ गाठा. वीस वर्षांच्या डागडुजीनंतर २०२३ च्या जानेवारीत ते पूर्ण उघडलं आणि अकरानंतर तिथे रांग लागते. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवतो: दारातच प्रायापस या देवाचं उघडं चित्र आहे, आणि वेश्यागृहात तर चित्रांचा विषयच तो आहे. रोमनांना त्यात संकोच नव्हता. आपल्याला टाळायचं असेल तर गाईडला आधी सांगावं.

रस्त्यांवर जास्त वेळ घालवा, असं आम्ही आवर्जून सांगू. घरांपेक्षा शहर रस्त्यांवर कळतं. बहुतेक रस्त्यांखाली गटारं नव्हती. सार्वजनिक हौदांतून ओसंडणारं पाणी आणि पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहायचं. म्हणून पदपथ उंच आहेत आणि रस्ता ओलांडायला मध्ये मोठे दगड रोवलेले आहेत. त्या दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची. चाकांनी फरसांत पाडलेल्या खोल चाकोऱ्या आजही बोटांनी चाचपता येतात. कोपऱ्यावरच्या हौदाशी थांबा. काठावर, तोटीच्या दोन्ही बाजूंना दगड गुळगुळीत झिजून खोलगट झालाय. पाणी प्यायला वाकताना पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तिथेच हात टेकवला.

बेकऱ्यांत दिसणारं दळण्याचं जातं डमरूच्या आकाराचं असतं. खाली शंकू, त्यावर पोकळ वरचा भाग, आणि खाचेत लाकूड अडकवून ते खेचरं किंवा गुलाम फिरवायचे. दगड मुद्दाम सच्छिद्र लाव्हाचा, कारण झिजला तरी त्याची धार खडबडीतच राहते. जवळच विटांची घुमटाकार भट्टी असते. अशाच एका बेकरीत कोळसा झालेले ८१ पाव सापडले होते.

रस्त्याला लागून दगडी कट्टा आणि त्यात गोल भोकं दिसली की ती खानावळ समजा. भोकांत मोठी मडकी बसवलेली असत. पाचव्या भागातली, २०१९-२० मध्ये पूर्ण उघडी झालेली खानावळ बघितल्याशिवाय येऊ नका. कट्ट्यावर रंगवलेली बदकं आणि कोंबडा अजून ताजे वाटतात.

पुढचे दोन-अडीच तास स्वतः

गाईड सहसा फोरम किंवा थिएटरच्या आसपास निरोप घेतो आणि गट बाहेर पडतात. इथे बाहेर पडू नका. साध्या तिकिटावर एकदा बाहेर गेलं की पुन्हा आत येता येत नाही. फोरमच्या उत्तरेला उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे, तिथेच खाऊन घ्या आणि मग ‘व्हिया देल’अब्बोंदान्झा’ या लांब रस्त्याने पूर्वेकडे निघा. दुपारी हा भाग बराच मोकळा असतो.

याच रस्त्यावरच्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती सापडली, उंची जेमतेम वीत-सव्वा वीत. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण अभ्यासकांच्या मते ती बहुधा यक्षी असावी. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे रोमन व्यापारातलं प्राचीन तगर. मूर्ती इथे नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे, पण मराठी माणसाने त्या घरापुढून जाताना दोन मिनिटं थांबावं.

दक्षिणेच्या तटापाशी ‘गार्डन ऑफ द फ्युजिटिव्हज’ आहे. पळून जाता जाता गाठलेल्या तेरा जणांचे साचे, जिथे पडले तिथेच. उद्रेकाचे पहिले अठरा-एक तास शहरावर हलक्या दगडांचा पाऊस पडत होता, त्याने छपरं कोसळली. दुसऱ्या सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट आले. हे तेरा जण दोन-तीन मीटर साचलेल्या दगडांच्या थरावरून चालत होते, हे लक्षात ठेवून बघा.

तिथून अँफिथिएटर पाच मिनिटांवर. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं हे बांधकाम आज टिकून असलेल्या दगडी अँफिथिएटरांत सगळ्यात जुनं मानतात. इथे वीसेक हजार प्रेक्षक मावत. इ.स. ५९ मध्ये इथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुचेरियाच्या लोकांत एवढी मारामारी झाली की रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली.

व्हिलाचं तिकीट असेल तर मात्र पूर्वेकडचा फेरा आटोपशीर घ्या. व्हिला ऑफ मिस्ट्रीज बरोबर उलट्या टोकाला, हर्क्युलेनियम दरवाजाच्या पलीकडे आहे आणि फोरमपासून चालायला वीस मिनिटं लागतात. ते सगळ्यात शेवटी ठेवा. तिथून बाहेर पडलं की स्टेशन दहा मिनिटांवर आहे.

एखादं घर बंद आढळलं तर हिरमुसू नका. डागडुजी आणि मनुष्यबळाप्रमाणे घरं आळीपाळीने उघडतात. त्या दिवशीची यादी संकेतस्थळावर किंवा दारातल्या माहिती खिडकीवर मिळते, नकाशाही तिथेच मागून घ्या. भिंतींना हात लावू नका आणि दगडाचा कपटाही खिशात घालू नका. तो गुन्हा आहे.

शाकाहारी जेवण

सहलीत जेवण असेल तर आरक्षणातच लेखी कळवा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मासे चालतात असा समज होऊ शकतो, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे’ (मांस नको, मासा नको) असं सांगा. पिझ्झा मरिनारामध्ये टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. इटालियन जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांना मरिनाराच सोयीचा.

परतताना

नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय त्याच दिवशी कोंबू नका, दमलेल्या डोळ्यांना ते पेलत नाही. रोमला परतायचं नसेल तर दुसऱ्या सकाळी जा. मंगळवारी ते बंद असतं. ती हस्तिदंती मूर्ती ‘गुप्त दालना’त, म्हणजे पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंच्या विभागात आहे.

त्याच दिवशी रोमला जायचं असेल तर पॉम्पेईहून निघणं आणि नेपल्सची अतिजलद गाडी यांत किमान पावणेदोन तास ठेवा. चिर्कुमवेसुव्हियाना वेळेवर येईल असं धरून चालू नये, आणि अतिजलद गाडीच्या सगळ्यात स्वस्त तिकिटावर चुकलेल्या गाडीऐवजी पुढची मिळत नाही. चार युरो जास्त पडले तरी बदलता येणारं तिकीट काढा.